मोरपंखीची खिडकीकडची बाजू

मार्च लागला की माझ्या बोटांना मोरपंखीचा वास यायला लागतो. मोरपंखीची फांदी चुरगळल्यावर कडवट, थोडासा कापरासारखा वास येतो, तोच. चाळीस वर्षं होत आली, पण कुठल्याच साबणाने तो गेलेला नाही. समोरच्या इमारतीतली पोरं कंपास आणि पाण्याची बाटली सांभाळत बापाच्या स्कूटरवर बसून पेपरला निघाली की मी नकळत हात ओढणीला पुसते आणि खिडकीपासून बाजूला होते. माझी मुलगी हसते. "आई, तुझी दहावी होऊन जमाना झाला," म्हणते. माझी दहावी मला धड आठवतही नाही. आठवते ती दादाची, आणि तीही तिसऱ्यांदाची.

यंदा त्यात आणखी भर पडली. आमची मुलुंडची जुनी सोसायटी पाडून तिथे टॉवर व्हायचाय. पुढच्या बागेत काय लावायचं ते ठरवायला बिल्डरने एक तरुण मुलगी पाठवली. चुणचुणीत होती. टॅबवर एकामागून एक फोटो सरकवत म्हणाली, "काकू, ही सगळी बुटकी, सदाहरित झुडपं आहेत. पानगळ नाही, कचरा नाही, बारा महिने हिरवं. तुम्ही फक्त हाइट सांगा."

"अडीच फूट," मी म्हणाले.

तिने चमकून पाहिलं. इतकं नेमकं उत्तर तिला कुणी दिलं नसावं. मीही जरा दचकलेच, कारण ते उत्तर माझं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. फोर्टातल्या एका ऑफिसात ते हेडक्लार्क होते. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, आणि दादाचं अभ्यासाचं टेबल पुढच्या खिडकीशी, कारण घरात तेवढाच उजेड. खिडकीसमोरूनच सोसायटीच्या गेटकडे वाट जायची. दूध आणायला, ऑफिसला, भाजीला जाणारा प्रत्येक माणूस आमच्या खिडकीकडे बघूनच पुढे जायचा. त्यात वाईट हेतू नसायचा, मान आपोआपच वळायची. दादा पहिल्यांदा दहावीत बीजगणितात गेला, तोपर्यंत अण्णांना या खिडकीचा अभिमान होता. आल्यागेल्याला आपला मुलगा अभ्यास करताना दिसतो म्हणून.

नंतर तीच खिडकी त्यांना सोसेना. "काय सुहास, आता ऑक्टोबर का?" असं कुणी वाटेवरूनच विचारलं की अण्णांच्या हातातला पेपर खाली यायचा आणि वर जायचाच नाही. पडदा लावून बघितला, तर उजेड गेला, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या सामंतकाकू विचारायला आल्या, "घरात कुणी आजारी आहे का हो?" मग अण्णांच्या डोक्यात झुडपांचं आलं. खिडकीखालची, भर घालून कठड्याच्या बेताने उंच केलेली मातीची पट्टी सोसायटीने तळमजल्यावाल्यांना बागेसाठी दिलेलीच होती.

जुलैतल्या एका रविवारी त्यांनी दादाला खुर्चीत बसवलं, वही उघडून समोर ठेवली आणि स्वतः मोजपट्टी घेऊन बाहेर वाटेवर उभे राहिले. मी सुतळीचं एक टोक धरून होते. अण्णा वाटेवरून पाच पावलं पुढे जायचे, पाच पावलं मागे यायचे, आणि दर वेळी खिडकीत बघायचे.

"डोकं दिसतंय अजून. नेहमी बसतोस तसा बस."

दादा वाकला.

"सुतळी वर घे, कुंदे. अं... अजून थोडी. बास. अडीच फूट."

"इतकं वाकलेलं पुरे का, अण्णा?" दादाने आतून विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा होती की काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी बारा वर्षांची होते आणि सुतळी धरायला मिळाली याचाच मला आनंद होता. एक बाप मुलाचं डोकं झाकण्यासाठी पट्टीने माप घेत होता, आणि मुलगा ते माप घेऊ देत होता.

झाडं आणायला आम्ही तिघं चेंबूरला गेलो. तिथे रस्त्याकडेला गावडेकाकांची रोपवाटिका होती. मालवणकडचा माणूस, आधी गिरणीत होता, नंतर मातीत रमला. अण्णांच्या अटी ऐकून तो चक्रावला. अडीच फुटांच्या वर जायला नको, त्याहून कमीही नको. पानं गळायला नकोत. आणि मुख्य म्हणजे फूल नको. गावडेकाकांनी एक्झोरा दाखवला, बुटकी तगर दाखवली, कुंती दाखवली, आणि अण्णा प्रत्येकाला मान हलवत गेले. फूल आलं की पूजेसाठी पहाटेपासून परडी घेऊन माणसं येणार, फुलं तोडता तोडता खिडकीत बघणार. मेहंदी खालून विरळ होते, म्हणून तीही नको. क्रोटनची भडक पानं बघून तर ते म्हणाले, "नाही नाही, लक्ष वेधून घेणारं काही नको."

"कित्याक होयी तुमका?" गावडेकाकांनी शेवटी विचारलं.

"धूळ फार येते हो."

गावडेकाकांनी अण्णांकडे बघितलं, मग मान खाली घालून कुंडीतली माती चाचपणाऱ्या दादाकडे बघितलं. आत जाऊन त्यांनी ठेंगण्या जातीची मोरपंखी आणली. गोल, भरगच्च, जमिनीपासून हिरवी. अण्णांचा चेहरा उजळला. "ना फूल, ना फळ. हिला कोण कशाला हात लावतोय!"

तिथेच मी बोलायला हवं होतं. मोरपंखीला आमच्या शाळेत 'विद्या' म्हणायचे. तिची चपटी फांदी पुस्तकात ठेवली की अभ्यास डोक्यात राहतो, आणि तीही चोरून तोडलेली असेल तरच लागू पडते, हे मुलुंडमधल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. अण्णांचं बालपण रत्नागिरीकडच्या खेड्यात गेलेलं, तिथे हे खूळ नव्हतं. मला सगळं माहीत होतं आणि मी मूग गिळून गप्प बसले. वर्गातल्या मुली आता माझ्या मागेपुढे करतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

निघताना गावडेकाकांनी दोन गोष्टी सांगितल्या, अण्णांना नाही, दादाला. "जुन्या लाकडापर्यंत कापू नको हां, झिला. थंय परत पालो फुटूचो नाय." आणि दुसरी: "ह्यां झाड लबाड. मुळां कुसली तरी सांगूचां नाय. म्हयनोभर हिरवांगार दिसतां. तुका वाटतां जिता असा, आणि आत कायच नसतां."

सात झाडं दोन रिक्षांत घालून आम्ही घरी आणली.

ती दादाने वाढवली. अण्णांनी नुसती उंची ठरवली होती. दादाने खड्ड्यांत विटांचे तुकडे घातले, मुळाशी पाणी साचू नये म्हणून वाफ्याला उतार दिला, दर रविवारी पिचकारीने पालवीवरची धूळ धुतली. उन्हाळ्याकडे, किंवा पावसाने आठवडाभर ओढ दिली तरी, लाल कोळी पडतो, तो इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दादा फांदीखाली पांढरा कागद धरायचा आणि टिचकी मारायचा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले की समजायचं, कीड आहे. हा कागद बहुतेक वेळा बीजगणिताच्या कच्च्या वहीतला असायचा. मग खिडकीच्या कठड्यावरची औषधाची बाटली काढायची, टोपणभर औषध बादलीत मिसळायचं आणि फवारायचं. मी शेजारी उभी राहून विचारायची, "तुला कसं कळतं रे हे सगळं?" तो म्हणायचा, "बघितलं की कळतं." याच मुलाला आमच्या घरात ढ म्हणत होते. मीही म्हणत होते.

ऑक्टोबरातही तो गेला. त्याच बीजगणितात. अण्णा म्हणाले, "मार्च शेवटचा." शेवटचा म्हणजे पुढे काय, हे ते बोलले नाहीत आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

फेब्रुवारी संपता संपता पोरं यायला लागली. आधी आमच्या विंगमधली, मग सगळ्या सोसायटीची, मग रस्त्यापलीकडची. वाकून यायची, फांदी ओढायची, आणि झुडपाच्या वर डोकं काढून समोर बघतात तर टेबलावर दादा. अण्णांनी ज्यांच्यापासून त्याला लपवलं होतं, ती सगळी आता रांग लावून त्याच्या खिडकीशी येत होती. पूजेच्या फुलांचा विचार करणाऱ्या माझ्या बापाला परीक्षेचा विचार सुचला नव्हता.

दादा कुणावर ओरडला नाही. उलट कात्री घेऊन बाहेर जायचा आणि झाडाला इजा होणार नाही अशा जागेवरून नवी टोकं कापून द्यायचा. "ओढू नका रे, साल निघते. घे, तुला दोन घे." एका संध्याकाळी दोन मुलं आली, त्याच्याहून वर्षाने लहान, या खेपेला त्याच्याबरोबरच दहावीला बसणारी. फांदी हातात घेताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, अगदी सहज, "अरे, हा अजून दहावीतच?"

दादा हसला. त्या मार्चमध्ये तो सारखाच हसायचा. आई म्हणायची, "बरं झालं, मनाला लावून घेत नाही." मला मात्र ते हसू पटत नव्हतं. बीजगणिताचं पुस्तक उघडं ठेवून तो तासतास एकाच पानाकडे बघत बसलेला मी बघत होते. मी काय करणार होते? समीकरणं मलाही येत नव्हती. मला एकच विद्या माहीत होती.

बीजगणिताच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो शाळेत बैठक क्रमांक कुठल्या वर्गात आलाय ते बघायला गेला. आई गिरणीतून पीठ आणायला गेली होती. मी खिडकीच्या गजांतून हात घातला आणि मधल्या झाडाच्या फांद्या खुडायला लागले. रस्त्याकडची टोकं पोरांनी संपवली होती, खिडकीकडची बाजू शाबूत होती. एका फांदीने एक माणूस पास होत असेल तर माझ्या दादाला जास्त लागतील, हा माझा हिशेब. खुडत गेले, पुस्तकाच्या पानापानांत ठेवत गेले. छप्पन्नाव्या पानावर फांद्या संपल्या. वर बघितलं तर झाडाच्या आतल्या बाजूला नुसतं तपकिरी लाकूड उरलं होतं.

अण्णा ऑफिसातून आले. वाटेवरूनच त्यांना ते भगदाड दिसलं, आणि भगदाडातून टेबलावर नुकताच येऊन बसलेला दादा दिसला, पूर्ण, डोक्यापासून कोपरांपर्यंत. ही बाजू बाहेरच्या पोरांच्या हाताला लागणारी नव्हती. ते चप्पल न काढता आत आले.

"उद्या पेपर आहे आणि तू पानं खुडत बसलास?"

दादाने झाडाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझी बोटं चिकट, हिरवी झाली होती, मी ती फ्रॉकमागे लपवली. सगळ्या खोलीत तो वास भरला होता.

"चुकलं, अण्णा," दादा म्हणाला.

अण्णांनी हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी लावलं होतं ते. तुझी लाज झाकायला."

आठ महिने घरात सगळ्यांना ठाऊक असलेली ती गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी तोंडाने बोललं. दादाने मान खाली घातली आणि पुस्तक जवळ ओढलं. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि बंद केलं. मी भित्री होते. त्याला काय नाव द्यायचं ते इतक्या वर्षांत मी पुष्कळ शोधलं, दुसरं नाव सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पेपर देऊन आला आणि म्हणाला, "झकास गेला."

जूनमध्ये निकाल लागला. बीजगणित गेलं होतं. दादा शाळेतून गुणपत्रिका घेऊन आला, ती टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रडला असता तर आईला काही करता आलं असतं. तो नुसता पडून होता, डोळे उघडे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला खिडकीशी उभी असलेली बघितलं. तिने कठड्यावरची झाडांच्या औषधाची बाटली उचलली, पदराखाली घेतली आणि वर सामंतकाकूंकडे ठेवायला दिली. परत येऊन ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि माझा हात घट्ट धरून ठेवला, इतका की बांगडी माझ्या मनगटात रुतली. बाटली कशासाठी नेली हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाराव्या वर्षीही ते कळतं.

संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. गेटपाशी गाठून, रडत, अर्धवट शब्दांत. पानं मी खुडली, दादाने नाही. त्याच्या पुस्तकात ठेवली. मला तो पास व्हायला हवा होता. अण्णा ऐकत राहिले. पाऊस भुरभुरत होता, त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊची वेळ, वाटेवर माणसांची ये-जा. अण्णांनी शेजारून पहार मागून आणली, लेंगा वर खोचला आणि मधल्या मोरपंखीच्या भोवती खणायला लागले. तिची रस्त्याकडची टोकं एव्हाना परत फुटली होती, खिडकीकडे मात्र नुसतं लाकूडच होतं. आई धावत बाहेर आली.

"अहो, काय करताय?"

"फिरवतोय. हिरवी बाजू त्याच्याकडे करतोय."

"मग उघडी बाजू सगळ्या जगाला दिसेल."

"दिसू दे," अण्णा म्हणाले. "त्याला हिरवं दिसायला हवं. बाकीच्यांनी काय ते बघावं."

जन्मात त्यांनी कधी माती उकरली नव्हती. पहार भलतीकडेच बसत होती, ते धापा टाकत होते, जाणारी माणसं थांबून बघत होती. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. तीन दिवसांतला पहिला आवाज, फाटलेला.

"अण्णा, मुळं तुटतील. गोळा मोठा घ्या."

अण्णा पहार धरून तसेच उभे राहिले. त्यांना मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. दादा चुरगळलेल्या सदऱ्यात, अनवाणी बाहेर आला आणि त्याने हाताने माती मोकळी करायला घेतली. दोघांनी मिळून झाड उचललं, वळवलं, परत बसवलं. खिडकीतून हिरवं दिसायला लागलं. वाटेवरच्या माणसांना वाळकं लाकूड आणि त्याच्यामागे माझे वडील आणि दादा दिसत होते, मातीने माखलेले, भर दिवसा.

इथे गोष्ट संपली असती तर मला दर मार्चला हात पुसावे लागले नसते. पण मुळं मेलेल्या झाडाबद्दलचं गावडेकाकांचं बोलणं घरात सगळ्यांना आठवत होतं, आमच्याकडून ऐकलेल्या आईलाही. म्हयनोभर हिरवांगार दिसतां. झाड हिरवं होतं, दादा उठून बसत होता, दोन घास खात होता, मी काही बोलले की हसतही होता. आणि त्या हसण्यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता. मार्चभर तो असाच हसला होता. आई रोज सकाळी मोरपंखीचं एक टोक चिमटीत धरून बघायची आणि मग आत येऊन झोपलेल्या दादाकडे बघायची. अण्णा ऑफिसातून दुपारी शेजाऱ्यांकडे फोन करायला लागले, कारण काहीतरी फुटकळ काढून. मी शाळेतून घरी यायची ती पळत, खिडकीत तो दिसेपर्यंत. साल नखाने खरवडली की आत हिरवं आहे का ते लगेच कळतं, हे दादानेच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "खरवडून बघ ना रे." तो म्हणाला, "नको." तोही घाबरत होता. एका झाडाच्या जिवावर आम्ही चौघं लोंबकळत होतो. इतका लांब जुलै मी पुन्हा पाहिला नाही.

टॅबवाल्या मुलीला यातलं मी काही सांगितलं नाही. ती विचारत होती, "काकू, मोरपंखी ठेवू का यादीत? मेन्टेनन्स कमी असतो." मी म्हटलं, "नको. एक्झोरा लाव. पूजेला न्यायला लोक येतील, येऊ दे." आमची ती सात झाडं पुढे सोसायटीने फरशा घातल्या तेव्हा गेली. मधल्या झाडाची उघडी बाजू शेवटपर्यंत उघडीच होती, जुन्या लाकडाला पालवी फुटली नाही. दादा ऑक्टोबरात काठावर पास झाला. माळीबिळी झाला नाही, ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत निवृत्त झाला. यादी कुणाला दाखवावी म्हणून त्यालाच फोन केला, तर म्हणाला, "खड्ड्यात विटांचे तुकडे घालायला सांग त्यांना. कुणी घालत नाही हल्ली."

तो जुलै संपत आला होता. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, तर बाहेरून दादाची हाक. "कुंदे, इकडे ये." तो मधल्या झाडाशी उकिडवा बसला होता. खिडकीकडच्या बाजूला, एका फांदीच्या टोकाला, पोपटी रंगाचं, नखाएवढं काहीतरी होतं. जुन्या हिरव्याहून वेगळं. नवं. मी हात पुढे केला तसा त्याने चापट मारली.

"हात लावू नकोस, बये. तुझ्या विद्येने वाट लावली माझी."

मी हात मागे घेतला. "पुस्तकातलंही तुला माहीत होतं?"

"पुस्तक माझं होतं ना? छप्पन्नाव्या पानावर संपली तुझी विद्या. तिथपर्यंतची गणितं आली गं मला. मेल्यांनी पुढचीच जास्त विचारली."

आणि तो हसला. हे हसणं वेगळं होतं, त्याच्या खांद्यांपर्यंत गेलेलं, त्यात ठसका लागलेला. मी रडत होते आणि हसत होते. आई खिडकीत आली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग जिना चढून सामंतकाकूंकडे गेली.

खाली आली तेव्हा तिच्या हातात औषधाची बाटली होती. तिने ती पूर्वीच्या जागी, कठड्यावर ठेवली. पण बोटं बाटलीवरच राहिली.

दादा बाहेर, ती आत, मध्ये गज. त्याने तिच्याकडे बघितलं. त्यालाही सगळं कळलं होतं, बाटली कधी गेली आणि का गेली ते.

"सोड, आई," तो म्हणाला. "कोळी पडलाय. फवारायला हवं."

आईने हात काढून घेतला.